प्रतिस्पर्ध्याचं कार्ड बघायला गोंदियाला

पुण्याहून गोंदियाला सहलीला कुणी जात नाही. मीही गेले नव्हते, मला पाठवलं होतं. २०१२ सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती.

भोसरीत आमची संगणक बनवणारी छोटी कंपनी आहे. संगणक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पडदा आणि कळफलक येतो. आमच्या संगणकाला यातलं काहीच नसतं. पत्र्याची एक पेटी असते आणि ती राइस मिलमधल्या तांदूळ छाटणाऱ्या यंत्रात बसवतात. यंत्रात तांदळाची धार वरून खाली पडत असते. कॅमेरा दाण्यादाण्याकडे बघतो, पेटीतला प्रोसेसर दाणा पांढरा की काळा हे ठरवतो आणि काळा असला तर हवेची एक फुंकर त्याला बाजूच्या डब्यात उडवते. दाणा हातभर खाली पडेपर्यंत हे सगळं उरकावं लागतं.

त्या पेटीतलं प्रोसेसरचं कार्ड मी बनवलेलं. माझ्याबरोबर मिलिंद आणि अस्मिता असे दोन सहकारी होते. अकरा वर्षं ते कार्ड चाललं. मग नवे कॅमेरे आले. ते इतकं बारीक बघायचे की आमच्या कार्डाला ते पचेना. त्यातच ज्या चिपवर कार्ड उभं होतं ती बनवणं आपण बंद करत आहोत, असं परदेशातल्या कारखान्यानं कळवलं. नवं कार्ड करायला आम्हाला दोन वर्षं तरी लागली असती. हैदराबादच्या एका कंपनीकडे मात्र ते तयार होतं, आणि ती कंपनी म्हणजे आमची जुनी प्रतिस्पर्धी. प्रदर्शनांत त्यांचा स्टॉल हटकून आमच्या समोर असायचा. त्यांचं कार्ड तापतं, असं आम्ही गिऱ्हाइकांना सांगायचो. आमचं झोपा काढतं, असं ते सांगायचे.

"त्यांच्याकडून कार्ड घेऊ आणि आपल्या पेटीत बसवू," आमचे मालक देशमाने साहेब एका सकाळी म्हणाले.

"ज्यांच्याशी गिऱ्हाइकासाठी भांडतो, त्यांच्याकडून?"

"परदेशातली ती एवढी मोठी कंपनी. वर्षानुवर्षं जाहिरातीत ज्या प्रोसेसरची टिंगल केली तोच शेवटी आपल्या संगणकात घातला. बुडाली का?"

"नाही बुडाली."

"मग बघून या. गोंदियाला एका मिलमध्ये आपल्या दोन पेट्या आहेत. एकीत त्यांचं कार्ड घालून ठेवलंय. त्यांचा माणूसही तिथंच येतोय. पाच दिवस बघा आणि हो की नाही तेवढं लिहून आणा. तुम्ही नाही म्हणालात तर मी घेणार नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी उदारपणे उच्चारलं, पण त्यामुळे सगळं ओझं माझ्या डोक्यावर आलं. 'हो' लिहिलं तर माझं अकरा वर्षांचं काम मोडीत निघणार, मिलिंद-अस्मिताच्या नोकऱ्यांचं काय होईल ते सांगता येत नव्हतं. 'नाही' लिहिलं तर कंपनीचं काय होईल तेही सांगता येत नव्हतं.

गोंदिया

आमची गाडी गोंदियालाच संपते, त्यामुळे स्टेशन चुकण्याची भीती नसते. बाहेर आले तर रिक्षावाला हिंदीत बोलला, चहावाला हिंदीत बोलला. मी मराठीत उत्तर दिलं तर दोघांनाही ते समजलं आणि दोघंही पुन्हा हिंदीतच बोलले. चहाबरोबर पोहे मागितले. वर तर्री ओतून आली. पुण्यात पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पेरतात, इथं लाल तिखट रस्सा. पहिल्या घासाला ठसका लागला, दुसऱ्या प्लेटीला सवय झाली.

मिल तिरोड्याच्या रस्त्याला होती. शहर संपलं की दोन्ही बाजूंना बांध्या लागतात. भातखाचरांना इथं बांधी म्हणतात आणि उभ्या पिकाला धान. आमच्याकडे शेतातलाही भात आणि ताटातलाही भातच. इथं मी एकदा "भात कापायला आलाय" म्हटलं तर लोक हसले. कापतात ते धान, शिजतो तो भात. कापणी निम्मी झाली होती. बांधीच्या पारीवर, म्हणजे बांधावर, तूर उभी होती, पिवळ्या फुलांनी भरलेली. दूर एका ओल्या बांधीत सारसांची जोडी उभी होती. माणसाच्या छातीएवढे उंच पक्षी, पण रिक्षावाल्यानं मान वळवली नाही. त्याच्या लेखी ते रोजचेच होते.

मिलमालक खेमराज पटले पन्नाशीचे, पोवार समाजातले. त्यांचे पूर्वज माळव्यातून इकडे आले, जमिनी केल्या, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. घरच्यांशी फोनवर ते पोवारी बोलत, हमालांशी इथली झाडी बोली, व्यापाऱ्यांशी हिंदी आणि माझ्याशी या तिन्हींची मिसळ.

"मॅडम, कार्ड कोनाचं त्याच्याशी मले मतलब नाई," ते म्हणाले. "चावल साफ पायजे आन् मशीन बंद नाई पडली पायजे. बाकी तुमी दोघं आपसात पाहून घ्या."

दोघं म्हणजे मी आणि हैदराबादचे राव. राव माझ्या आधीच पोचले होते. मी मनात एक तरुण, चटपटीत, टायवाला माणूस धरून चालले होते. प्रत्यक्षात ते माझ्याच वयाचे निघाले, पायात चपला, कानांत कापसाचे बोळे घालून यंत्राजवळ स्टुलावर बसलेले. "आइए मॅडम," म्हणून त्यांनी स्टूल मला दिलं आणि स्वतः पोत्यावर बसले.

दोन यंत्रं शेजारी शेजारी होती. डावीकडच्या पेटीत आमचं कार्ड, उजवीकडच्या पेटीत त्यांचं. दोन्हींवर नाव आमचंच. यंत्रांसमोर भागरताबाई बसायच्या. मशीन येण्याआधी या मिलमध्ये बायका सुपानं तांदूळ पाखडून निवडायच्या, त्यातल्या त्या एक. बाकीच्या गेल्या. या राहिल्या, कारण त्यांच्या डोळ्यांवर पटलेंचा यंत्रापेक्षा जास्त भरवसा होता. काम एवढंच की अधूनमधून दोन्ही यंत्रांतून आलेला मूठभर तांदूळ काळ्या थाळीत पसरायचा आणि बघायचा.

"तुमी पुन्यावून आले जी? हे डब्बे तुमीच बनवले का?"

"हा डावीकडचा मी बनवलाय."

"मंग हे सांगा, हा मंदा काऊन चालते?"

पोहोचून तासही झाला नव्हता. दिवसभर आम्ही दोन्ही यंत्रांतून एकाच ढिगातला तांदूळ सोडला. उजवीकडचं यंत्र सरळ दुप्पट वेगानं चाललं आणि काळा दाणा जवळजवळ सोडला नाही. माझं यंत्र तेवढ्या वेगाला नेलं की काळे दाणे चांगल्यात यायला लागायचे. वेग कमी केला की ते पुन्हा नीट चालायचं. रावांनी वहीत आकडे लिहिले आणि माझ्याकडे वही सरकवली, मी सही केली. त्यांनी फुशारकी मारली असती तर मला सोपं गेलं असतं.

लाइन गेली

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला वीज गेली. इथं 'लाइट गेले' म्हणत नाहीत, 'लाइन गेली' म्हणतात. आख्ख्या मिलचा धडधडाट थांबला आणि अचानक चिमण्या ऐकू यायला लागल्या. सगळे अंगणात आले. कुणीतरी उकडलेले शिंगाडे आणले होते. तळ्यातलं फळ, वरून काळंकुट्ट, शिंगांसारखी टोकं असलेलं. सोलताना माझ्या बोटाला टोक लागून रक्त आलं. भागरताबाईंनी माझ्या हातातून शिंगाडा घेतला, दातांनी फोडला आणि परत दिला. आतला गर चेस्टनटसारखा लागतो असं मी लिहिलं असतं, पण चेस्टनट मी कधी खाल्लेलं नाही. बटाट्यापेक्षा गोड आणि रताळ्यापेक्षा कमी गोड, एवढं खात्रीनं सांगते.

तासाभरानं लाइन आली. गोंदियाची लाइन येते ती एका दमात येत नाही. दिवा पेटतो, मंद होतो, पुन्हा पेटतो, डचकतो आणि मग स्थिर होतो. यंत्रं सुरू झाली. धार पडायला लागली. दहाएक मिनिटांनी भागरताबाई थाळीवर वाकल्या आणि ओरडल्या, "बंद करा! कारा दाना येऊन रायला!"

उजवीकडच्या यंत्रातून तांदूळ पडत होता, पण एकही फुंकर चालत नव्हती. कार्ड गोठलं होतं. काळे, पिवळे, फुटके सगळे दाणे चांगल्या तांदळात मिसळून पुढच्या पोत्यांत गेले होते. ती पोती संध्याकाळच्या ट्रकवर चढायची होती. ट्रकवाला अंगणातच बसून होता. हमालांनी पोती परत फोडली. डावीकडचं यंत्र, माझं मंद यंत्र, लाइन आल्यावर आपोआप सुरू होऊन निमूट चाललं होतं. फोडलेला माल त्यातूनच पुन्हा काढावा लागला. ट्रक अंधार पडता पडता निघाला. पटले रावांकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघून ऑफिसात गेले.

राव कार्ड काढून बसले. तारा जोडल्या, लॅपटॉप लावला. दुसऱ्यांदा चालू केलं तर कार्ड अगदी ठणठणीत. तिसऱ्यांदाही. त्यांच्या कपाळाला घाम होता.

"मॅडम, आपको कुछ दिखा क्या?" त्यांनी विचारलं.

दिसलं होतं. कार्ड गोठलेलं दिसलं त्याच क्षणी मला कारण कळलं होतं. पहिल्या डचक्याला वीज आली असं समजून त्यांचा प्रोसेसर जागा व्हायला निघाला आणि जागा होता होता वीज पुन्हा ढासळली. अर्धवट जागा झालेला प्रोसेसर तसाच अडकून बसला. अकरा वर्षांपूर्वी आमचंही असंच व्हायचं. त्या काळात मी आणि मिलिंद भंडाऱ्याच्या मिलमध्ये तीन दिवस डोकं फोडून घेत बसलो होतो. तेव्हापासून आमच्या कार्डावर एक छोटासा भाग आहे, त्याचं काम फक्त विजेवर पहारा द्यायचं. वीज काही सेकंद स्थिर राहिल्याशिवाय तो प्रोसेसरला उठू देत नाही.

"बघते," मी म्हणाले. "लक्षात आलं तर सांगते."

खोटं बोलायला वेळ लागला नाही याचं मला नंतर आश्चर्य वाटलं. लॉजवर येऊन मी जेवले. ताटात भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि वांग्याची भाजी होती. पोळी मागितली तर पोऱ्यानं "पोळी? कायले?" असं विचारलं. मी भातच खाल्ला आणि हिशेब मांडत बसले. मी गप्प राहिले तर उरलेल्या तीन दिवसांत लाइन आणखी एक-दोनदा जाणार, त्यांचं कार्ड पुन्हा गोठणार आणि मी अगदी प्रामाणिकपणे 'नाही' लिहू शकणार. अहवालातला एकही शब्द खोटा नसता.

दवनीवाडा

तिसऱ्या दिवशी पटलेंनी आम्हा दोघांना जेवायला दवनीवाड्याला नेलं. गाव मोठं, चारी बाजूंना बांध्या, अंगणाअंगणात धानाच्या राशी. जेवण पटलेंच्या घरी नव्हतं, बिसेन नावाच्या दुसऱ्या मिलमालकाकडे होतं. वाटेत पटलेंनी सांगितलं की बिसेन आणि ते गेली वीस वर्षं एकाच बाजारात एकमेकांचं गिऱ्हाईक तोडत आले आहेत, आणि एकदा सरपंचकीला दोघं समोरासमोर उभेही राहिले होते.

"कोण निवडून आलं?"

"तिसराच."

बिसेनांच्या मिलमागे मोठा बॉयलर होता. तुसावर पेटणारा. धान वाफवून त्याचा उसना तांदूळ करतात, त्यासाठी. वाफेच्या वासानं सगळा परिसर भरला होता, शिळ्या भाताला ऊन लागावं तसा वास. हौदांपाशी पोत्यांच्या दोन थप्प्या होत्या आणि त्यातल्या एका थप्पीवर पटलेंच्या मिलचा शिक्का होता.

मी थांबले. "तुमचं धान इथं?"

"माह्याकडं बॉयलर नाई," पटले म्हणाले. "याच्याकडं आहे. धान इथं शिजते, मंग माह्या मिलमदे जाते. तिथून निघालेला चावल याच्या चावलासंगच बाजारात भांडते."

"पण हे तुमचे स्पर्धक. ऐन हंगामात यांनी नाही म्हटलं तर?"

बिसेन हसले. उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. "म्हटलं होतं नं बाई. एक साल. तेच इलेक्शनचं साल. मी म्हटलं, जा, दुसरीकडं शिजव. यानं मालाचा उसना करनंच सोडलं, सादाच चावल काढला. आन् माहा बॉयलर अर्धा दिवस थंडा. एवढा मोठा बॉयलर एकट्याच्या धानावर चालत नाई. तूस जळते तेवढाच, मानसं बसते तेवढेच. दोन महिन्यांनं मीच याच्या दारात गेलो."

"आन् मी चहा पाजला नाई," पटले म्हणाले.

"नाईच पाजला."

"मग आता एकमेकांवर भरवसा बसला म्हणायचा," मी म्हणाले.

"भरोसा कायचा?" पटले म्हणाले. "आजबी हा माह्या गिऱ्हाइकाले फोन करते. त्याले बॉयलर भरून पायजे, मले उसना धान पायजे. एवढंच."

रावांना आमचं मराठी किती समजत होतं कोण जाणे, पण ते बॉयलरकडे बघत होते. जेवायला बसलो. भात, तळ्यातल्या मासळीचा रस्सा, माझ्यासाठी वेगळी सेमीच्या शेंगांची भाजी. मी मासे खात नाही हे समजल्यावर बिसेनांच्या पत्नींना खरंच वाईट वाटलं आणि त्यांनी त्याची भरपाई तुपानं केली. हात धुताना राव माझ्या शेजारी आले.

"मॅडम, एक बात बोलूँ? आपके साहब को लगता, हम बहुत बडे हैं, हमको आपकी जरूरत नई." ते हळू बोलत होते. "ये कार्ड बनाने में हमारे तीन साल गए. सिर्फ हमारी मशीनों में डालेंगे तो वो खर्चा कभी निकलनेवाला नई. आप नई लिए तो हमारा साहब ये पूरा काम बंद करनेवाला है. मेरे को मिलाके छे लोग हैं."

माझे तीन, त्यांचे सहा. मी तोपर्यंत फक्त माझे तीनच मोजत होते. तोंड पुसलं आणि गाडीत बसले.

परत मिलमध्ये आलो तेव्हा पाच वाजत आले होते. राव पुन्हा कार्ड घेऊन बसले. मी भागरताबाईंच्या शेजारी जाऊन बसले. त्या थाळीतले दाणे बोटानं सरकवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमाले मालूम होतं ना जी?"

"काय?"

"मशीन काऊन बंद पडली ते. काल लाइन आली तवा सगडे मशीनकडं पाहून रायले होते. तुमी वरच्या बलफाकडं पायलं. तो डचकला तसं तुमी मान हालवली. मी इथंच बसून होती."

मी थाळीतला एक काळा दाणा बाजूला केला.

"मंग त्या बावाले सांगत काऊन नाई? कालपासून जेवला नाई धड." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तांदळात काळा दाणा दिसला की त्या ज्या आवाजात सांगायच्या, त्याच आवाजात त्यांनी हे सांगितलं.

माझं कारण त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. मी उठले, रावांपाशी गेले आणि म्हणाले, "तुमच्या कार्डात दोष नाही. तुमच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत वीज फार चांगली आहे, तो दोष आहे."

आधी त्यांना कळलं नाही. मग मी वहीत आकृती काढली. वीज कशी चढते, कशी ढासळते, प्रोसेसर कुठे अडकतो. त्यांनी दोनदा आकृती बघितली, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कल से मालूम था?"

"हो."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "मैं भी शायद नई बोलता." आणि थोड्या वेळानं, "शायद तीन दिन नई बोलता."

तिरोड्याच्या रस्त्यावर

चौथा दिवस सोल्डरिंगचे डाग देण्यात गेला. माझ्याजवळच्या सुट्या कार्डावरचा विजेवर पहारा देणारा तो भाग मी कापून काढला. स्वतःच्या कार्डाला कात्री लावताना काही वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. बारीक तारांनी तो भाग आम्ही त्यांच्या कार्डाला जोडला. त्यासाठी लागणारी एक क्लिप मिळेना, ती शोधायला आम्ही पटलेंच्या मोटरसायकलवर तिरोड्यापर्यंत गेलो. पटले चालवत होते, मध्ये राव, मागे मी. तिरोड्यात वीज केंद्राच्या उंच चिमण्या फार लांबूनच दिसायला लागतात.

"एवढी वीज इथंच बनते," मी ओरडून म्हणाले, "तरी तुमची लाइन जाते?"

"बनते इथं, जाते तिकडं," पटले ओरडून म्हणाले. तिकडं म्हणजे आमच्याकडं, हे त्यांनी सभ्यपणानं बोलून दाखवलं नाही.

क्लिप एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळाली. दुपारी परत येऊन जोडणी पुरी केली आणि लाइन जाण्याची वाट बघत बसलो. ती दिवसभर गेली नाही. शेवटी पटलेंनी स्वतःच मेन स्विचचा दांडा धरला आणि लाइन जशी डचकते तसा तो खालीवर केला. एकदा, दोनदा, आठदा. आठही वेळा उजवीकडचं यंत्र थोडा वेळ थांबलं आणि मग फुंकरा मारत सुरू झालं. भागरताबाईंनी आठही वेळा थाळी भरली. आठव्यांदा त्या एवढंच म्हणाल्या, "साफ."

गोरेगाव

पाचव्या दिवशी गोरेगावचा आठवडी बाजार होता. भागरताबाईंचं गाव गोरेगावजवळच, त्या दिवशी त्यांची सुट्टी. माझी गाडी संध्याकाळची होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर एसटीनं गेले. बाजारात बांबूची सुपं, टोपल्या, वाळलेली मासळी, मोहफुलं, लाखोरीची डाळ असं सगळं पोत्यांवर मांडलेलं होतं. पुण्याच्या मंडईत भाव विचारला की भाजीवाली मान फिरवते, इथं भाव विचारला की आधी गाव विचारतात. पुण्याहून आले म्हटल्यावर एका बाईनं मला तिकडे पाऊस कसा होता ते विचारलं आणि माझं उत्तर नीट ऐकून घेतलं.

बसस्टँडच्या बाकावर बसून मी अहवाल लिहिला. 'त्यांचं कार्ड घ्यावं. आपल्या कार्डावरचा विजेवर पहारा देणारा भाग त्यांच्या नव्या कार्डात कायमचा घालावा आणि त्याबदल्यात कार्ड आपल्याला आधी मिळावं, अशी अट असावी. वेगात आपण त्यांना गाठू शकत नाही. गाठायला गेलो तर दोन वर्षांनी ते आणखी पुढे गेलेले असतील. आपण कॅमेरा आणि यंत्र यांत पुढे आहोत. स्पर्धा तिथे करावी.' एवढं लिहून खाली सही केली. मिलिंद आणि अस्मिताबद्दल एक परिच्छेद लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. त्यांना कॅमेऱ्याच्या कामाला घ्यावं, असं त्यात होतं.

भागरताबाई समोरच्या दुकानातून दोघींसाठी भजी घेऊन आल्या. कागदाकडे बघून म्हणाल्या, "का लिवलं?"

"त्यांचं कार्ड घ्यायचं असं लिहिलं."

"म्हंजे तुमचा डब्बा गेला."

"डबा आमचाच. आतलं त्यांचं."

त्यांनी भजं तोडलं, थोडा विचार केला. "मंग बिगडली त मी कोनाले फोन करू? तुमाले का त्याले?"

या प्रश्नाचा विचार देशमान्यांनी केला नव्हता, रावांच्या साहेबांनी केला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही केला नव्हता. नियमानं उत्तर सोपं होतं. कार्ड त्यांचं, फोन त्यांना. मी त्यांना रावांचा नंबर लिहून दिला.

त्यांनी कागद घेतला, घडी केली आणि माझ्याच हातात परत ठेवला. "त्याची बोली मले समजत नाई जी. तुमचाच द्या."

पुण्याला आल्यावर करार झाला. मिलिंद कॅमेऱ्याच्या कामाला लागला. अस्मितानं मात्र दोन महिन्यांत नोकरी सोडली. मी आधी तिला विचारायला हवं होतं असं ती म्हणाली, आणि ते खरं होतं. आमच्या पेट्या आता हैदराबादच्या कार्डावर चालतात आणि आमची यंत्रं त्यांच्या यंत्रांशी बाजारात पूर्वीसारखीच भांडतात. प्रदर्शनात त्यांचा स्टॉल अजून आमच्या समोरच असतो. जेवायला मात्र मी आणि राव एकत्र जातो.

भागरताबाईंचा फोन येतो, हंगामात तर हमखास. काय बिघडलंय ते त्या झाडी बोलीत सांगतात, मी ते मराठीत समजून घेते आणि मग हिंदीत हैदराबादला कळवते. दर वेळी फोन ठेवण्यापूर्वी त्या विचारतात, "त्याले नीट सांगसाल ना जी?"

"सांगते," मी म्हणते, आणि आता लगेच सांगते.